मोगऱ्याच्या मापानं मुंबई

जगातल्या कुठल्याही दोन गावांमधलं अंतर आमच्या मावसाजींना तोंडपाठ आहे आणि त्यातलं एकही त्यांना किलोमीटरमध्ये सांगता येत नाही. असा दुसरा माणूस वऱ्हाडात नाही, महाराष्ट्रात नाही, आणि मी भूगोलाचा मास्तर असल्यामुळे जबाबदारीनं सांगतो, पृथ्वीच्या पाठीवरही असण्याची शक्यता कमीच. माझ्या आईच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. काटेपूर्णा नदीच्या काठाला त्यांचा फुलांचा मळा, अकोल्याच्या जुन्या शहरात फुलांचं दुकान आणि एक दिवसाआड अमरावतीच्या बाजारात माल. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी फुलं तोडली, ओल्या फडक्यात बांधली, एसटीच्या टपावर चढवली आणि दुसऱ्या गावी उतरवून आधी त्यांची तोंडं पाहिली. त्यामुळे रस्ता किती झाला हे त्यांना मैलाच्या दगडावरून कळत नाही, फुलाच्या तोंडावरून कळतं. मळ्यापासून अकोला म्हणजे गुलाबावरचं दव वाळत नाही तेवढं. अमरावती म्हणजे निशिगंधाच्या दांडीवरची एक कळी उमलते तेवढी. नागपूरला शेवंती जाते, पण वाटेत दोनदा पाणी मारावं लागतं. पुण्याला फक्त झेंडू, तोही जरा कच्चा तोडलेला. मी एकदा खोडी काढावी म्हणून विचारलं, "आणि अमेरिका, मावसाजी?" त्यांनी क्षणभर डोळे मिटून हिशेब केला आणि म्हणाले, "अमेरिकेले कागदाचीच फुलं न्या लागतीन, मास्तर."

मला अमरावतीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आमच्या अकोल्याच्या घरात आईनं डोळ्यांना पदर लावला होता. एकुलता एक मुलगा परगावी जाणार, खाण्यापिण्याचं काय होणार, आजारी पडला तर कोण पाहणार. वडिलांनी समजावलं, शेजारणींनी समजावलं, काही उपयोग झाला नाही. दुपारी मावसाजी दुकान बंद करून आले, पायरीवरच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमी कावून रडून राहिल्या? पोरगं निशिगंधाच्या आत हाये! नागपूरले लागलं असतं तं मीबी रडलो असतो तुमच्यासंग." आईला निशिगंधाचं माप काही कळलं नाही, पण एवढ्या खात्रीनं बोलणाऱ्या माणसापुढे रडत राहणं तिला बरं दिसेना. ती उठून चहा ठेवायला गेली आणि मी अमरावतीला गेलो.

प्रवासाला निघताना मावसाजी चष्मा विसरतील, पिशवी विसरतील, एकदा तर प्रत्यक्ष मावशीलाच मूर्तिजापूरच्या स्टँडवर विसरून पुढच्या गाडीत बसले होते. पण सदऱ्याच्या खिशात एक कळी ठेवल्याशिवाय त्यांनी कधी उंबरा ओलांडला नाही. हेच त्यांचं घड्याळ. वाटेत अधूनमधून दोन बोटांनी ती कळी बाहेर काढायची, उजेडात धरायची, हुं म्हणायचं आणि परत ठेवायची. एकदा अमरावतीच्या स्टँडवर उतरताना कंडक्टरनं सहज म्हटलं, दोन तासांत आणून सोडलं बघा. मावसाजींनी खिशातली कळी त्याच्या नाकासमोर धरली. "दोन नाई झाले भाऊ, अडीच झाले. हे पाय, गाल फुगले तिचे." कंडक्टरनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग स्टँडवरचं पाहिलं, आणि त्याचं स्वतःचं घड्याळ अर्धा तास मागं निघालं. हा प्रसंग मावसाजींनी मला इतक्या वेळा सांगितला आहे की दर खेपेला ते घड्याळ पाच-पाच मिनिटांनी आणखी मागं जातं. पण माझा त्यावर विश्वास आहे. मी वर्गात पोरांना अक्षांश-रेखांश शिकवतो, आणि मनातल्या मनात मला ठाऊक असतं की आपल्या घरात याहून चांगलं शास्त्र आहे.

मळा नदीकाठी असला तरी मावसाजींचा अभिमान मात्र अस्सल जुन्या शहरातला. अमरावतीत त्यांचा माल खपतो, ओळखी आहेत, तिथल्या बायका त्यांच्याच टोपलीची वाट पाहतात. पण अमरावतीचं मोठेपण म्हणून त्यांनी कधी कबूल केलं नाही. मी अकोल्यात जन्मून अमरावतीला घर बांधलं, म्हणजे त्यांच्या लेखी फितूरच. उन्हाळ्यात दोन्ही गावांचं तापमान पेपरात येतं. अकोल्याचं एका अंशानं जरी वर निघालं, तरी सकाळी सातला माझा फोन वाजलाच समजा. "पायलं का? उनातबी मांगच हाये तुमचं गाव!" दुसऱ्या दिवशी अमरावती वर गेली की फोन येत नाही. दोन गावांमधला मोठा रस्ता कित्येक वर्षं उखडलेला होता, तेव्हा ते अमरावती लांब गेली म्हणायचे, आणि त्यात थोडं समाधानही असायचं. पुढे रस्ता गुळगुळीत झाला. पहिल्याच फेरीत त्यांनी माझ्या दारात टेम्पो थांबवला, खिशातली घट्ट मिटलेली कळी बाहेर काढून बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "जवळ आली बापा अमरावती. आता जपून रायलं पायजे."

अशा माणसाच्या हयातीत अमरावतीतून मुंबईचं विमान सुरू व्हावं आणि अकोल्याची इंग्रजांच्या काळातली धावपट्टी नुसती ऊन खात पडून राहावी, हे काही बरं झालं नाही. विमान सुरू झालं त्या दिवशी उन्हाचा सगळा सूड उगवायचा म्हणून मी मुद्दाम फोन लावला. पलीकडे बराच वेळ काही आवाजच नाही. मला वाटलं, जिव्हारी लागलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "किती वेळात जाते मुंबईले?" मी म्हटलं, पावणेदोन तास. "पावणेदोन तासात तं मोगरा आळोखेपिळोखेबी देत नाई," ते पुटपुटले आणि त्यांनी फोन ठेवून दिला. अकोल्याच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा मला कळलं की ह्या माणसाच्या मनात धावपट्टीहून मोठं काहीतरी चाललं आहे.

ते काय, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांच्यासमोर कोणी काढत नाही. मुंबई हे एकच गाव मावसाजींच्या मापात कधी बसलं नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मुंबईला दिलेली. सत्तावीस वर्षांपूर्वी तिचं डोहाळेजेवण होतं. मावसाजींनी मळ्यातला सगळा मोगरा तोडला, मावशीनं आणि त्यांनी मिळून बाजूबंद गुंफले, कंबरपट्टा गुंफला, मुकुट गुंफला, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली ती दुरडी मांडीवर घेऊन मावसाजी रेल्वेनं निघाले. गाडी उन्हातून गेली, अंधारातून गेली, आणि मुंबईत त्यांनी फडकं उघडलं तेव्हा कळ्या वाटेतच उमलून, थकून, कडेनं तपकिरी पडल्या होत्या. मुलीनं शेवटी बाजारातून आणलेले दागिने घातले. ती बिचारी म्हणाली, असू द्या हो बाबा, तुम्ही आलात ना. ती दुरडी मावसाजींनी तशीच परत आणली आणि नदीत सोडली. त्यानंतर मुंबई किती दूर असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "आपल्या आवाक्यातली नाई."

आणि आता, तेव्हा पोटात असलेली ती नात, आमची तेजू, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिकडचाच, लग्नाचा हॉल ठाण्याला, आणि मुहूर्त गोरज. बोलणी चालली असताना तेजूच्या होणाऱ्या सासूबाई फोनवर अगदी चांगल्या मनानं म्हणाल्या, "फुलांचं आम्ही दादरहून बघतो. तिकडून येईपर्यंत काय राहणार त्यांचं?" मावशीच्या घरी फोन स्पीकरवर होता. मावसाजी खाली बसून दोऱ्याचा गुंडा सोडवत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्या संध्याकाळी मला फोन आला. "मास्तर, तुमच्या गावच्या इमानाची दोन तिकिटं काढ. एक माह्यं, एक तुह्यं. तेजूची वेणी मी नेतो." मी विचारलं, मावशी? "थे जाईन चार दिवस आधी रेल्वेनं, बाकीच्यायसंग. तिले फुलासारखं बंद करून न्याची गरज नाई."

पुढचा महिनाभर मावसाजींनी जी तयारी केली, तेवढ्या तयारीत लोक सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करून आणतात. बेत असा होता. पहाटे कळ्या तोडायच्या, अगदी टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या पण तोंड न उघडलेल्या. अशी कळी दिवसभर मिटून राहते आणि सूर्य कलला की उमलते. सकाळचं विमान, दुपारपर्यंत ठाणे, चारपर्यंत वेणी तयार, आणि इकडे अंतरपाट दूर व्हायला आणि तिकडे तेजूच्या केसात मोगरा फुलायला एकच गाठ पडायची. "माणसं अक्षता टाकतीन अन् वास सुटन," ते सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा. सगळं ठीक होतं. फक्त बर्फाच्या बाबतीत आमचा वाद झाला. थर्माकोलच्या मोठ्या डब्यात केळीचं पान अंथरून कळ्या ठेवायच्या आणि भोवती पाणी गोठवलेल्या बाटल्या लावायच्या असं ठरलं. मी म्हटलं, दोन बाटल्या पुष्कळ झाल्या. मावसाजींनी आठ गोठवल्या होत्या.

"अहो, रेल्वेला इतका बर्फ लागला असता. हे पावणेदोन तासांचं विमान आहे," मी म्हटलं.

"इमान पळते, मान्य हाये. पण मुंबई पळून राहिली का इकडं? थे तं जाग्यावरच हाये ना? मंग रस्ता तेवढाच रायला!"

वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. पण रस्ता नुसता गुळगुळीत झाला तरी अमरावती जवळ आली म्हणणारा हा माणूस, मुंबईचं नाव निघालं की त्याचं शास्त्रच थांबायचं. सत्तावीस वर्षांपूर्वीची ती दुरडी त्याच्या मांडीवरून अजून उतरली नव्हती. मी आठ बाटल्या निमूटपणे डब्यात लावल्या.

लग्नाच्या दिवशी पहाटे, बॅटरीच्या उजेडात, मावसाजींनी एकेक कळी स्वतः तोडली. मळ्यात कामाला बाया आहेत, पण त्या दिवशी कोणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक कळी डोळ्याजवळ धरून पाहायची, आणि पसंत पडली तरच पानावर. नवऱ्या मुलालासुद्धा त्यांनी एवढं निरखून पाहिलं नव्हतं. उजाडता उजाडता माझ्या गाडीत डबा मागच्या सीटवर, त्याला पट्टा लावलेला, आणि मावसाजी त्याच्याशेजारी. अमरावतीच्या विमानतळावर आम्ही इतक्या लवकर पोचलो की झाडूवाल्या बाईनं आम्हाला पाय उचलायला लावले. सामानाच्या काउंटरवर मात्र कठीण प्रसंग आला. डबा पट्ट्यावर ठेवायचा होता आणि मावसाजी तो सोडायला तयार नव्हते. काउंटरवरची मुलगी इकडचीच होती. तिनं विचारलं, "आजोबा, काय आहे यात?" मावसाजी म्हणाले, "नातीचं लगन हाये बाई यात." ती हसली नाही. तिनं डब्यावर नाजूक सामानाची चिठ्ठी एक लावली, मग त्यांच्या तोंडाकडे पाहून आणखी तीन लावल्या, आणि दोन्ही हातांनी उचलून तो पट्ट्यावर ठेवला. मावसाजींनी तिला खिशातली कळी देऊ केली. तिनं ती केसात खोचली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मावसाजी बिनाघड्याळाचे प्रवासाला निघाले.

विमान वेळेवर उडालं. खिडकीची जागा मी त्यांना दिली होती. मला वाटलं होतं घाबरतील, डोळे मिटून घेतील. कसलं काय! चाकं जमिनीवरून सुटली तशी त्यांनी माझं मनगट पकडून घड्याळ आपल्या बाजूला फिरवलं आणि नाक काचेला लावलं. हवाई सुंदरीनं लाडू-चिवडा काही हवं का म्हणून विचारलं तर तिच्याकडे न पाहता हातानंच थांब म्हणाले. खाली काळीभोर नांगरलेली वावरं, मधून मधून संत्र्याची हिरवी चौकटं, वाळूच्या रेघा झालेल्या नद्या. आणि एकाएकी मावसाजी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पुढच्या तीन रांगांतली माणसं वळली. "ते पाय! ते पाय! मोर्णा! अकोला हाये ते!" मी वाकून पाहिलं. घरांचा एक मोठा पसारा होता, मधून नदीची एक वाकडी रेघ गेली होती. नकाशाप्रमाणे पाहिलं तर अमरावतीहून मुंबईला जाणारी सरळ रेघ अकोल्यावरूनच जाते, तेव्हा अकोला असणार यात मलाही शंका नव्हती. मावसाजींनी माझं घड्याळ पाहिलं. "बारा मिनटं!" त्यांनी सबंध विमानाला जाहीर केलं. "अमरावती ते अकोला, बारा मिनटं! अवो, आमच्या जुन्या शहरातून बारा मिनटात मोर्णेचा पूल गाठता येत नाई!" पलीकडच्या रांगेतले कोट घातलेले एक गृहस्थ हसून म्हणाले, पण बाबा, उतरता कुठं येतं तिथं? त्यावर मावसाजींनी दिलेलं उत्तर मी आजवर अमरावतीत कोणाला सांगितलेलं नाही. ते म्हणाले, "उतराचं काय घेऊन बसले? मुंबईले जाचं तं अकोल्याच्या डोक्यावरूनच जा लागते. तुमच्या इमानालेबी आमाले इचारल्याबिगर मुंबई भेटत नाई!" त्या क्षणी हा माणूस माझा मावसा आहे, हे मला त्या कोटवाल्याला उठून सांगावंसं वाटलं.

मुंबईत उतरलो. विमानतळापासून ठाण्याच्या हॉलपर्यंत टॅक्सीला जवळजवळ विमानाएवढाच वेळ लागला, पण मावसाजींनी तेही शांतपणे सोसलं, कारण डबा आता त्यांच्या मांडीवर होता. हॉलच्या मागच्या खोलीत मावशी, तिची मुलगी, तेजू आणि केस बांधणारी बाई अशा सगळ्यांच्या देखत त्यांनी तो उघडला. केळीच्या पानावर कळ्या जशाच्या तशा, जणू आत्ताच वेलीवरून उतरवलेल्या, टच्च, पांढऱ्या, मिटलेल्या. एकीचीही कड तपकिरी नव्हती. मावशीनं तोंडावर हात ठेवला. तेजूची आई वडिलांकडे पाहत राहिली आणि एकदम रडू लागली. कशासाठी ते आम्हा सर्वांना कळलं. मावसाजी फक्त एवढंच म्हणाले, "आली मुंबई मापात." मग ते आणि मावशी भिंतीला टेकून बसले आणि दोघांनी मिळून वेणी गुंफायला घेतली. मी पाहिलेला तो सगळ्यात सुंदर देखावा. मावशी कळी पुढे करायची, मावसाजी दोरा टाकायचे.

मुहूर्त जवळ आला. तेजू बोहल्यावर आली. पाठीवर रुळणारी ती वेणी मी मागून पाहिली. कळ्या मिटलेल्याच होत्या. मंगलाष्टकं सुरू झाली, अक्षता पडू लागल्या, अंतरपाट दूर झाला, सनई वाजली, टाळ्या झाल्या, आणि कळ्या तांदळाच्या दाण्यासारख्या घट्ट. वास नाही, काही नाही. हॉल असा गार केला होता की पाहुण्या बायका पदर लपेटून बसल्या होत्या. आधी त्या आठ बाटल्या, वर ही थंडी. मावसाजींची मोगऱ्याशी सगळी ओळख वऱ्हाडच्या उन्हातली. गारठ्यातल्या मोगऱ्याशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती. ते बोहल्याच्या कोपऱ्याशी उभे होते. त्यांनी वेणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

केस बांधणाऱ्या बाईच्याही ते लक्षात आलं होतं. फोटोसाठी म्हणून तिनं दादरहून आणलेला फुललेला गजरा पिशवीतून काढला. तिचंही चुकत नव्हतं. मावसाजी स्वतःच पुढे झाले. "बदला बाई," ते म्हणाले. "तेच घाला. फुललेलं पायजे आज तिच्या डोक्यात." सत्तावीस वर्षांनी ह्या माणसाची फुलं दुसऱ्यांदा बाजूला पडत होती, आणि मला ते पाहवेना. तेजू पाटावरून अर्धी वळली. मुंबईत वाढलेली पोरगी, वऱ्हाडी तिला धड बोलता येत नाही, पण जिद्द मात्र सगळी आईच्या माहेरची. "कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कळ्या तर कळ्या. मला ह्याच हव्यात, आजोबा." फोटो तसेच निघाले. विहीणबाईंच्या नातेवाइकांत कोणीतरी कुजबुजलं, कळ्यांचीच फॅशन आहे वाटतं हल्ली. मावसाजी जेवायला बसले नाहीत. मी त्यांना शोधत बाहेर आलो तर ते पायरीवर चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते. "मास्तर, तू दोन म्हणला होता," ते म्हणाले. "मी भेलो रे. एवढी फुलं केली जन्मभर, अन् भेलो." त्यांच्या तोंडून भीती हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी शेजारी बसलो. जे माणूस आठ बाटल्या उगीच लावतं ते भित्रं नसतं, त्याचा जीव अडकलेला असतो, हे मला त्यांना सांगायचं होतं, पण मी नुसत्या ढिगातून त्यांच्या चपला शोधून पुढे ठेवल्या.

पाठवणी झाली. तेजू बाहेर आली तेव्हा मुंबईची ती घामट, ओली हवा अंगावर आली. तिनं मावशीला मिठी मारली, मग आजोबांना. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण वेणीला लागू दिला नाही. गाडी गेली. माणसं आत वळली. आम्ही तिघं तसेच उभे होतो. मावशीनं मावसाजींना पाण्याचा पेला आणून दिला आणि त्यांनी तो नुसता हातात धरला. साधारण अर्ध्या तासानं माझा फोन वाजला. तेजू होती. मी फोन मावसाजींच्या कानाला लावला, पण ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की आम्हा दोघांनाही स्पष्ट ऐकू आलं.

"आजोबा, उमलल्या! सगळ्याच्या सगळ्या! आम्ही खाडीच्या पुलावर आहोत. गाडीत इतका वास भरलाय ना! आई विचारत होत्या, कुठली फुलं गं ही, एवढा वास कसा?"

आई म्हणजे तिच्या सासूबाई. दोन तासांत ती त्यांना आई म्हणू लागली होती. मावसाजींनी पेला मावशीच्या हातात दिला आणि फोन स्वतः धरला.

"मंग? काय सांगतलं तू?"

"सांगितलं, अकोल्याची. माझ्या आजोबांच्या मळ्यातली. आज सकाळी तोडलीत म्हटलं. त्यांना खरंच वाटेना!"

टेम्पोवाल्याला बजावतात त्याच आवाजात मावसाजी म्हणाले, "काच लाव गाडीची. वारं लागून राहिलं असन. आता उमलली म्हणजे तुह्या घरापावतर पुरतीन, पण काच लाव." पलीकडून काच वर गेल्याचा आवाज आला असावा, कारण त्यांनी समाधानानं मान हलवली आणि फोन मला परत दिला.

मावशी डोळे पुसत हसत होती. आत कोणीतरी आमच्यासाठी पानं मांडून ठेवली होती आणि बोलावणी येत होती. मावसाजी मात्र रस्त्याच्या ज्या टोकाला गाडी वळली होती, त्या टोकाकडे तोंड करून उभे होते. सदऱ्याच्या रिकाम्या खिशावर त्यांनी हात ठेवला होता. मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघांनीही त्यांना आत चला असं म्हटलं नाही.